चामड्याचे स्की बूट (७५ मिमी, तीन पिनांचे) ठाण्याच्या हवेत कसे टिकवायचे?

घोडबंदर_१४वा_मजला

नमस्कार मंडळी. प्रश्न चामड्याच्या स्की बुटांचा आहे, प्लास्टिकच्या नव्हे. जोड वापरलेला आहे. पुढे चपटी चोच, तिच्याखाली तीन पिनांची भोकं, ७५ मिमीवाला प्रकार. गडद तपकिरी जाड चामडं, पुढे नाडी, घोट्यावर एक बक्कल. सोल शिवलेला, खाली रबर.

घर घोडबंदर रोडला, खिडक्या खाडीकडे. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथे बुटांचं काय सांगावं. शू रॅकमधून आता बाहेर काढले तर जिभेवर, घोट्याच्या घड्यांत आणि वेल्टच्या (वरचं चामडं सोलला जोडणारी कडेची पट्टी) टाक्यांजवळ पांढरा थर आहे. जानेवारीअखेर उत्तराखंडात औलीला स्कीइंगसाठी न्यायचे आहेत.

विचारायचं ते असं:
पांढरं नेमकं काय आहे आणि कशाने काढू?
ज्याला विचारावं तो म्हणतो खोबरेल पाजा. पाजू का?
उजव्या बुटाला आतल्या अंगाने चोचीजवळच्या चार-पाच टाक्यांचा दोरा पिंजलाय. कोपऱ्यावरच्या चप्पल-दुरुस्तीवाल्याकडे द्यावा का?
आणि पुढचा पावसाळा हे बूट काढणार कुठे?

रापी_आणि_आरी

तेलाची बाटली तूर्त कपाटात ठेवा. आधी पांढरं ओळखा. चामड्यावर पांढरं तीन कारणांनी येतं आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे.

हेअर ड्रायर घ्या, मध्यम गरम हवा, वीत-दीड वीत अंतरावरून अर्धा मिनिट एकाच जागी मारा. थर विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी आहे. चामड्यात आधी भरलेलं तेल किंवा मेण वर येऊन गोठलेलं असतं. ते निरुपद्रवी आहे, कोमट करून फडक्याने पुसलं की झालं. ड्रायरने काही फरक पडला नाही तर ओल्या फडक्याचं टोक फिरवा. लगेच विरघळलं आणि वाळल्यावर त्याच जागी कडा धरून परत उमटलं तर मीठ, म्हणजे घामाचं. दोन्ही वेळा जे जागेवर राहतं, भिंगातून लव असल्यासारखं दिसतं आणि बंद खोलीसारखा कुबट वास मारतं, ती बुरशी. जीभ आणि घड्या म्हणजे बहुतेक बुरशीच, पण वेल्टजवळचं पांढरं वेगळं तपासा. तिथे बऱ्याचदा जुनं मेण वर आलेलं असतं.

बुरशी घरात झटकू नका. गॅलरीत किंवा गच्चीत न्या, मास्क लावा, नाड्या आणि आतली गादी काढून घ्या. कोरड्या ब्रशने थर उतरवा आणि तो ब्रश पुन्हा पॉलिशसाठी वापरू नका. मग मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून फडकं नुसतं ओलसर करा आणि पुसा. चामडं भिजता कामा नये. आधी जिभेच्या आत न दिसणाऱ्या जागी करून बघा, काही फिनिशांचा रंग अल्कोहोलने उतरतो. तसं झालं तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. टाक्यांच्या खाचांत जुना टूथब्रश. आतलं अस्तर विसरू नका, बुरशीचा मुक्काम तिथेच असतो आणि बाहेरून बूट कितीही लखलखीत केला तरी महिन्यात परत येते. यानंतर सावलीत, पंख्याखाली दोन दिवस. ब्लीच अजिबात नको, ते बुरशीबरोबर चामड्याचे तंतूही खातं.

मीठ निघालं तर कोमट पाण्याच्या फडक्याने संपूर्ण बूट एकसारखा ओला करून पुसायचा. फक्त डागावर पाणी लावलं की डागाची कड पुढे सरकते, एवढंच.

सानपाडा_टेलिमार्क

साफसफाईच्या आधी एक गोष्ट विचारून घेतो: स्की तुमच्या स्वतःच्या आहेत ना? औलीला काय, गुलमर्गला काय, भाड्याने मिळतं ते अल्पाइन सामान, प्लास्टिक बुटासाठी केलेलं. तुमची चोच त्या बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला पकडून ठेवणारा सांधा) बसणार नाही आणि कुणी बसवून दिलीच तरी सुटायच्या वेळी सुटणार नाही. हा साचा नॉर्वेतला, ब्रोर विथ यांच्या १९२७ च्या रोटेफेला बाइंडिंगच्या घराण्यातला. त्याला तीन पिनांचं किंवा केबलचं ७५ मिमी बाइंडिंगच लागतं. पिनांचं बाइंडिंग डावं-उजवं वेगळं असतं हेही बघून घ्या.

स्की आहेत असं धरून, मेणबीण लावण्यात वेळ घालवण्याआधी सोल तपासा. रबर आणि चामडं यांच्या मध्ये फोमसारखा थर आहे का? असेल तर तो बहुधा पॉलियुरेथेन. त्याला अंगठ्याचं नख जोरात दाबा. खड्डा भरून आला तर ठीक. नख रुतलं, भुगा पडला किंवा भेगांची जाळी दिसली तर दमट हवेने त्याचं विघटन झालंय आणि कुठलाही गोंद ते जोडू शकत नाही. असा सोल कपाटात शाबूत दिसतो आणि बर्फावर पहिल्या तासात निखळतो. थर चामड्याचा किंवा भरीव रबराचा असेल तर ही चिंता मिटली.

नंतर पिनांची भोकं. आत धातूची पट्टी असते, तिचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. भोकं गोल हवीत. लांबट झाली असतील तर बूट बाइंडिंगमध्ये डावीकडे-उजवीकडे हलेल आणि कडेवर वळताना स्की ऐकणार नाही.

चोच वर वळली आहे का? बूट टेबलावर ठेवा आणि चोचीखाली कार्ड सरकवा. ओला बूट तसाच वाळला की ती वर उचलते. चामड्याच्याच बुटांच्या जमान्यात स्कीवाले सोल सपाट राहावा म्हणून बूट चौकटीत दाबून ठेवायचे. तुम्ही चोच फळीवर ठेवून वरून दुसरी पट्टी आणि दोन सी-क्लॅम्प लावलेत तरी तेच काम होतं. बूट किंचित ओलसर असताना लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. कोरड्या बुटावर जोर केलात तर वेल्ट तडकेल.

नौपाडा_कट्टा

रापीभाऊ, तेलाला एवढं का घाबरता? कोल्हापुरीला पिढ्यानपिढ्या एरंडेल नाहीतर खोबरेल पाजतात आणि त्या वहाणा वर्षानुवर्षं चालतात. चामडं ते चामडं. कोरडं पडून चिरण्यापेक्षा तेल पिऊन मऊ झालेलं काय वाईट?

रापी_आणि_आरी

नौपाडाकर, वहाणेपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. ते चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, मूळचं कडक, आणि वहाण पायाबरोबर वाकावी हीच तर अपेक्षा. ह्या बुटाचं काम उलटं आहे. पायाच्या चवड्यापाशी तो वाकला पाहिजे, पण घोट्यापाशी आडवा बिलकुल नाही, कारण पायाचा जोर स्कीच्या कडेपर्यंत नेणारं दुसरं काहीच तिथे नाही. तेल तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकायला मदत करतं. घोटा एकदा लुळा पडला की पडला, तेल परत काढून घेता येत नाही. मिंक ऑइल, नीट्सफूट ऑइल यांनाही हेच लागू, डब्यावर बुटाचं चित्र असलं तरी.

खोबरेलाचं आणखी एक. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. ठाण्यात ते पातळ राहून अस्तरात, टाक्यांत आणि चिकटवलेल्या सांध्यांत झिरपतं, सांधे सोडवतं. बर्फात थिजून वर पांढरं येतं. म्हणजे दोन्हीकडून तोटाच. जवस किंवा मोहरीचं तेल तर हवेने चिकट होतं, त्यावर धूळ बसते.

अपवाद एकच. चवड्याच्या घडीत चामडं खडखडीत होऊन बारीक चिरा दिसायला लागल्या असतील तर फक्त तेवढ्या पट्टीवर बोटाने लेदर कंडिशनर, वाटाण्याएवढा, एकदा. वर घोट्याकडे जायचं नाही.

आता टाके. क्रम महत्त्वाचा आहे: आधी शिवण, मग शिवणीवर लेप, सगळ्यात शेवटी मेण. एकदा मेण लागलं की त्या जागी गोंद धरत नाही.

आतल्या अंगाचे टाके पिंजतात ते दुसऱ्या स्कीच्या पोलादी कडेने. दोरा अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तर शिवू नका, लेपावर भागेल. तुटला असेल तर हाताने शिवणारा कारागीर शोधा आणि त्याला चार गोष्टी आधीच सांगा.

पहिलं, जुन्याच भोकांतून आरी घालायची. मशिनवर घेतलं की जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पडतात आणि वेल्ट पोस्टाच्या तिकिटासारखा त्या रेषेवर फाटतो. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टर, साधारण एक मिलीमीटरचा, सुती नको. शिवण दोन सुयांची, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. दुसरं, पुढे आलेली चोच म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम आहे असं वाटून ती रापीने कापून ‘नीट’ करून देण्याची शक्यता खरी आहे. पिनांच्या रेषेत रुंदी ७५ मिमी राहिलीच पाहिजे. तिसरं, खाली नवा सोल ठोकायचा नाही. चोचीची जाडी वाढली की बाइंडिंगची कमान वरून बंद होत नाही. चौथं, खिळा मारायचा नाही.

लेपासाठी अराल्डाइट (इपॉक्सी गोंद), सावकाश वाळणारं. झटपटवालं टाक्यांत मुरायच्या आत घट्ट होतं. वेल्टचा वरचा भाग १०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, अल्कोहोलने दोनदा पुसा, वाळू द्या. मग दोन्ही ट्यूबमधून सारखं घेऊन दोन मिनिटं घोटा, ड्रायरने वेल्ट कोमट करा आणि टूथपिकने टाक्यांवर ओढा. कोमट असल्यामुळे ते पातळ होऊन दोऱ्यात उतरतं. वर ढीग करू नका. चोचीभोवती बाहेरून आणि आतून दीड-दोन इंच पुरे, त्याच्या मागे जाऊ नका. मागे चवडा वाकतो आणि इपॉक्सी वाकत नाही, तडकून उलट टाकेच कापतं. तिथे लवचिक राहणारा युरेथेन सीलर हवा. फेविक्विक कुठेच नको, ते चामड्याला काचेसारखं कडक करतं. चोवीस तास हात लावायचा नाही.

मेण लावायच्या दिवशी बूट पूर्ण कोरडा हवा. मधमाशीच्या मेणाचं काहीही चालेल, स्नो-सीलसारखं तयार किंवा घरचं. घरचं करायचं तर ६० ग्रॅम मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा (६२ ते ६४ अंशांना वितळतं), गॅस बंद करा, भांडं गॅलरीत न्या आणि मगच साधारण १०० मिली गम टर्पेंटाइन ढवळत घाला. आच चालू असताना टर्पेंटाइन घातलंत तर भडका उडेल. मेण खरं घ्या. पॅराफिन मिसळलेलं थंडीत तडकून पापुद्रे सोडतं.

ड्रायरने बूट हाताला कोमट लागेल इतपत तापवा, एकावेळी एकच बाजू. बोटांनीच लावा, फडकं निम्मं मेण स्वतः पितं. एका बुटाला दोन चहाचे चमचे भरपूर झाले. वेल्टची खाच, जिभेचे सांधे आणि चवड्याच्या घड्या इथे दुसरा हात. पुन्हा ड्रायर मारून आत जिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी उरलेलं पुसून टाका. वर चिकट थर राहिला तर जास्त झालं. जास्त मेणाने बूट श्वास घेत नाही, घाम आतच गोठतो आणि पाय गारठतात.

उन्हात तापवायचा मोह टाळा. मे महिन्यातच काय, ऑक्टोबरच्या उन्हातही गडद बूट हात लावू देत नाही इतका तापतो.

घोडबंदर_१४वा_मजला

भरभरून दिलंत, आभार. ड्रायरची परीक्षा केली: जिभेवरचं तसंच राहिलं, वेल्टवरचं विरघळलं. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. सोल भरीव रबराचा आहे, नख रुतत नाही.

दोन शंका. पाण्यावर आधारित मेण (निकवॅक्सचं) घरात पडून आहे, ते चालेल का? आणि ठेवण्याचं कुणीच बोललं नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढं पुरे का? बाजारात पाणी जमा होणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या बुटात टाकल्या तर?

रापी_आणि_आरी

चालेल, पण त्याची रीत वेगळी: ते ओल्या चामड्यावर लावतात, पाण्याच्या जागी मेण आत शिरतं. कोरड्यावर लावून ‘काम करत नाही’ म्हणणारे खूप आहेत. दोन्हींतलं एकच निवडा. मधमाशीचं मेण भरलेल्या बुटावर पाण्याचं मेण बसत नाही.

खारघर_कोरडी_हवा

ठेवण्याचं मी सांगतो. कॅमेऱ्याच्या लेन्स सांभाळणाऱ्यांना हे गणित पाठ असतं.

बुरशीला आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर लागते. आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८०-९० च्या घरात असते. म्हणजे बूट ४५ ते ५५ मध्ये ठेवता आला तर काहीही उगवणार नाही. ३५ च्या खाली मात्र नेऊ नका, चामडं स्वतःचं पाणी गमावून ताठरतं.

डब्याबाबत लोक चुकतात ते इथे. ३० अंशांना ३० लिटरच्या डब्यातल्या हवेत जेमतेम एक ग्रॅम पाणी मावतं. ते शोषायला चिमूटभर जेल पुरे. खरं पाणी असतं चामड्यात आणि अस्तरात. दमट हवेतलं चामडं स्वतःच्या वजनाच्या दहा-वीस टक्के पाणी धरून बसतं, त्यामुळे जुलैत उचललेला जोड डब्यात टाकलात तर तो शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी सोडेल. नव्या चपलांच्या खोक्यातल्या पुड्या तिथे काय करणार? बंद डबा उलट बुरशीचं पाळणाघर होतो.

तेव्हा बूट आधी सुकवून मग बंद करायचा. सगळ्यात सोपं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी असताना. पाऊस आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, त्यामुळे मेअखेर म्हणजे शेवटची मुदत, तीही एसीच्या ड्राय मोडमध्ये दोन रात्री खोलीत ठेवून. मग रबरी कडेचा, चार बाजूंनी क्लिप असलेला डबा, त्यात ५०० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशव्यांत भरून. नारिंगी दाणे घ्या, ओले झाले की हिरवे होतात. निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते सुकवणं बरं नाही. नारिंगी १२० अंशांना दोन-तीन तासांत पुन्हा ताजे होतात.

डब्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) टाका, काट्याचा नको. तो खरं बोलतो का हे तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ पाण्याने चिखलाइतकं ओलं करा आणि मीटरसकट झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पाच मिळवून वाचा.

पाणी जमा होणाऱ्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. कपाटात टांगायला उत्तम. बुटात किंवा बुटावर कधीच नको. ते पाणी म्हणजे तीव्र खारं द्रावण, पिशवी गळाली की चामडं आकसून कडक होतं आणि तो डाग जात नाही. डांबरगोळ्या बुरशीला काहीच करत नाहीत. आत लोकरीचा किंवा नमद्याचा मोजा असेल तर त्याला कसर लागू शकते, म्हणून तो वेगळा काढा, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा आणि मग डब्यात. माळा तर विसराच. गच्चीखालच्या स्लॅबची उष्णता आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही तिथे एकत्र नांदतात.

डब्याऐवजी फोटोवाल्यांचं ड्राय कॅबिनेट असेल तर ५० वर लावा आणि झोपा.

सानपाडा_टेलिमार्क

औलीतलं एक राहिलं. संध्याकाळी हॉटेलात बुखारी (पत्र्याची शेगडी) पेटते आणि सगळ्यांचे बूट तिच्याभोवती रांगेत लागतात. तुमचे तिथे ठेवू नका. वनस्पतींनी कमावलेलं चामडं ओलं असताना ७०-८५ अंशांच्या आसपास आकसतं, क्रोमवालं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) १०० च्या जवळ. बुखारीचा पत्रा याच्या कितीतरी वर असतो. बूट एकदा आकसला की नंबर कमी होतो आणि चवड्याची घडी पुढच्या दिवशी फुटते. आपलं चामडं कुठलं हे कापलेल्या कडेवरून कळतं: आत निळसर-राखाडी असेल तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर बहुधा वनस्पतींचं.

खोलीत आल्यावर बर्फ ब्रशने झाडा, वितळू देऊ नका. नाडी पूर्ण सैल, जीभ पुढे ओढलेली, गादी बाहेर. वर्तमानपत्र चुरगाळून चवड्यापर्यंत कोंबा, पहिला बदल तासाभरात, मग झोपण्यापूर्वी. पायथ्याच्या जोशीमठातून वर औलीला जाताना रद्दी बरोबर न्या, वर हवी तेवढी मिळेलच असं नाही. बूट रात्री गॅलरीत किंवा गाडीत ठेवलात तर सकाळी पाय आत जाणार नाही.

घामासाठी पातळ मोज्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी आणि वरून लोकरीचा मोजा. दिसायला गबाळं, पण अस्तर कोरडं राहतं.

नौपाडा_कट्टा

तेलाचं पटलं. एक राहून गेलं: नाडीच्या पितळी हुकांखाली हिरवट, मेणासारखा चिकटा येतो तो काय?

रापी_आणि_आरी

चामड्यातल्या चरबीची आम्लं पितळेतल्या तांब्यावर काम करतात, त्याचा तो क्षार. जितकं तेल जास्त तितका हिरवा जास्त. टूथपिकने खरवडा, अल्कोहोलच्या कापसाने हूक पुसा, सुकल्यावर हुकाच्या बुडाशी मेणाचा हलका हात. पोलादी हुकांवर गंज असेल तर कापसाच्या काडीने मशिनचं तेल, फक्त धातूवर. गंज नाडी कापतो, तेव्हा औलीला जाताना नाडीचा एक जोड जास्तीचा ठेवा, १८० सेंटिमीटरहून कमी नको, नाहीतर वरच्या हुकापर्यंत पोचणार नाही.

बुरशी साफ झाल्यावर आणि मेण लावण्याआधी वेल्टचा फोटो इथे टाका. टाका शिवायचा की नुसता लेप पुरे, ते बघून सांगतो.